शालीचा लाल रंग

सकाळचा उजेड कार्यशाळेत येई तो उत्तरेच्या उंच खिडकीतून, आणि कसलीही घाई न करता. आधी खिडकीची वरची काच नुसतीच फिकट होई. उकळून गार केलेल्या पाण्याला असतो तसला, रंग म्हणावा की नाही असा रंग तिला चढे. मग तो उजेड छताच्या तुळईवर टेके, तिथून भिंतीवर टांगलेल्या रिकाम्या चौकटींच्या कडा उजळत खाली उतरे आणि शेवटी लांब टेबलावर पसरे. काचेच्या बरण्या, चिमटे, कापसाची गुंडाळी, भिंगाचा दिवा, काल कुणीतरी विसरलेला चहाचा कप. कपाच्या तळाशी सुकलेल्या साखरेलाही त्याचा वाटा मिळे. त्या उजेडात सोनं नव्हतं, ऊब नव्हती. दक्षिणेचं ऊन वस्तूंना गोंजारतं, त्यांच्या अंगावर खोटा मुलामा चढवतं. हा उजेड तसल्या भानगडीत पडत नसे. जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या माणसांना असाच उजेड लागतो. तिथल्या एका शिकाऊ कामगारालाही तो आवडे, पण वेगळ्या कारणाने: या उजेडाशी बोलावं लागत नसे. सगळ्यांच्या आधी येऊन, दिवा न लावता, तो स्टुलावर बसून राही आणि एखादं गाणं संपेपर्यंत थांबावं तसा तो उजेड टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत थांबे.

कार्यशाळेत त्याला सगळे घुम्या म्हणत. नाव ठेवलं होतं सुतारकाकांनी, आणि ते इतकं चपखल बसलं होतं की रागावण्याची सोयच उरली नव्हती.

ईझलवर ती होती, जुन्या चित्रातली बाई. एका क्लबाच्या पत्त्यांच्या खोलीतून आलेली. मांडीवर मूल, गळ्याशी पांढरी कॉलर, खांद्यावरून ओघळलेली लाल शाल. निदान तसं कागदोपत्री म्हटलं होतं. प्रत्यक्षात ती आली तेव्हा पांढरं काही दिसतच नव्हतं. चेहरा काविळीने पछाडल्यासारखा, कॉलर चहात बुडवून वाळवल्यासारखी, मूल म्हणजे एक तपकिरी गाठोडं, आणि शाल वाळलेल्या रक्तासारखी काळपट. कित्येक वर्षं तिच्यासमोर माणसं पत्ते पिसत आणि सिगारेटी ओढत बसली होती. त्यांनी सोडलेला सगळा धूर वर जाऊन तिच्या अंगावर बसला होता, थरावर थर, चिकट आणि ओशट. उचलताना हात लागला तर बोटाला पिवळं लागे आणि साबणाने दोनदा धुतल्याशिवाय जात नसे.

चित्राची पेटी उघडली त्या दिवशी मोठ्या बाईंनी नाकाला पदर न लावता मुद्दाम वाकून वास घेतला होता. बाई कार्यशाळेच्या प्रमुख. आयुष्यभर चित्रांच्या इतक्या जवळ बसल्या होत्या की माणसांकडेही त्या भिंग लावल्यासारख्याच बघत.

"घुम्या, आपण कुलपात काय काय ठेवतो रे?"

"अ‍ॅसिटोन. टोल्युइन."

"का ठेवतो?"

"विषारी असतात म्हणून."

"ते दोन्ही सिगारेटच्या धुरातून हिच्या अंगावरून गेलेत. शिवाय बेंझीन, जे मी ह्या इमारतीत शिरू देत नाही. फॉर्मल्डिहाइड, मेलेले प्राणी बरणीत टिकवतात ते. अमोनिया. कॅडमियम, शिसं, आर्सेनिक. डबीवर यातलं एक नाव दिसलं तरी आपण हातमोजे घालतो. आणि ही मंडळी एक्का टाकता टाकता छातीत भरून घेतात! गेलं ते हवेत गेलं, हे जे उरलंय ते डांबर." त्यांनी चित्रातल्या बाईच्या गालाकडे बोट केलं. "हिनं तर बापडीनं एक झुरका घेतला नाही. नुसती खोलीत होती."

खिशातल्या सिगारेटच्या पाकिटावर घुम्याचा हात होता, आणि तो हात खिशातून काढावा की तसाच ठेवावा हे त्याला सुचत नव्हतं.

हा थर काढायचा कशाने, याला उत्तर एकच होतं आणि ते ऐकून नवखी माणसं तोंड वाकडं करत. थुंकीने. लाळेत अन्न पचवणारी जी द्रव्यं असतात ती हा चिकट थर हळूच सोडवतात आणि खालच्या रंगाला धक्का लावत नाहीत. जगभरात हे काम करणारे लोक असंच करतात. लाकडी काडीच्या टोकाला कापसाचा छोटा बोळा वळायचा, तो तोंडात घोळवायचा, चित्रावर नखाएवढ्या जागेत अलगद फिरवायचा आणि टाकून द्यायचा. नवा वळायचा. एकदा वापरलेला बोळा पुन्हा तोंडात नाही. हा बाईंनी शिकवलेला पहिला नियम. दुसरा नियम त्याहून कडक होता. बोळ्यावर पिवळं, तपकिरी आलं तर ती घाण आहे, चालू दे. पण चित्रातला रंग आला, लाल, निळा, हिरवा, तर हात तिथेच थांबव. ते चित्राचं कातडं आहे. एकदा गेलं की ब्रह्मदेवालाही परत आणता येत नाही.

हे चित्र बाईंनी त्याला एकट्याला दिलं होतं. पहिलंच. "तुझ्या हातात घाई नाही," एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि घुम्याने ते वाक्य घरी नेऊन ताईलासुद्धा न सांगता जपून ठेवलं होतं.

ताई म्हणजे मोठी बहीण. दोघं एकाच घरात राहत. त्या सकाळी तिने संत्रं सोलून पुढे केलं होतं. त्याने एक फोड तोंडात टाकली आणि डोळ्यांत पाणी आलं.

"झोंबलं?"

"तोंड आलंय गं."

"कधीचं आलंय! थंडी गेली, उन्हाळा आला, तुझं तोंड आपलं येतंच आहे. पाहुणा असता तरी एव्हाना गेला असता. आ कर बघू."

"ताई, उशीर होतोय."

"आ करायला कितीसा वेळ लागतो? दातवाल्याकडे तरी जा."

"दाढेचं टोक लागतंय गालाला. घासून घेतो एकदा."

"आणि ओढायचं सोड. शर्ट धुवायला घेतला की मला मळमळतं."

दाढेचं टोक लागतंय, हे तो इतक्यांदा म्हणाला होता की आता ते त्याला खरंच टोचू लागलं होतं. जीभ मात्र वेगळंच सांगे. उजव्या गालाच्या आतल्या बाजूला, खालच्या दाढेच्या वर, एक जागा होती. गुळगुळीत गालात अचानक खरबरीत, जुन्या भिंतीवरच्या पापुद्र्यासारखी; मधोमध कठीण. दुखत नसे, आणि न दुखण्याचा त्याला मोठा आधार वाटे. जीभ दिवसभर तिथे जाई, आणि तो तिला परत बोलावी.

त्या दिवशी तो शालीपाशी पोचला होता. चेहरा झाला होता. काविळीखालून निघालेला तो चेहरा शांत, किंचित थकलेला होता, आणि इतका तरुण की पहिल्या दिवशी घुम्या बिचकून मागे सरला होता. कॉलर अर्धी पांढरी, अर्धी तपकिरी. वापरलेल्या बोळ्यांची बरणी गळ्यापर्यंत भरली होती. किडलेल्या दातांनी भरावी तशी. ओल लागताच तो जुना थर जागा होई आणि त्यातून वास येई: विझलेल्या थोटकांचा, पाणी घातलेल्या रक्षापात्राचा, बंद खोलीत रात्रभर राहिलेल्या अनोळखी श्वासांचा. कुठल्या कुठल्या माणसांच्या छातीत जाऊन आलेलं हे द्रव्य आपण आपल्या तोंडातल्या पाण्याने कालवतो आहोत, या विचाराने त्याला रोज एकदा तरी उमासा येई.

त्याने नवा बोळा घोळवला, शालीच्या दुमडीवर फिरवला आणि भिंगाखाली धरला.

तपकिरी. आणि तपकिरीच्या कडेला लाल.

आधी त्याला वाटलं, भिंगातल्या दिव्याचा खेळ आहे. दुसरा बोळा. पुन्हा तसंच, पुसट पण नक्की. जुने चित्रकार असल्या शालीवर शेवटी लाल रंगाचा एक पातळ, पारदर्शक थर देत. सगळी मखमल त्या थरात असे आणि सगळ्यात आधी विरघळायचाही तोच. म्हणजे तो सुटत होता. म्हणजे त्याने, घाई नसलेल्या हाताने, तिच्या खांद्यावरचं कातडं सोलायला घेतलं होतं.

त्याने शाल सोडली आणि पांढऱ्या कॉलरकडे वळला. तिथे लाल असण्याचं काही कारणच नव्हतं. बोळा फिरवला. त्यावर पिवळं आलं, आणि पिवळ्यात गुलाबी झाक. शालीचा रंग इथवर ओघळलाय, त्याने स्वतःला सांगितलं. कधीतरी, कुणीतरी अडाण्याने ओल्या फडक्याने पुसलं असणार आणि लाल सगळीकडे पसरलाय. स्पष्टीकरण चांगलं होतं. त्याने ते पटकन उचललं आणि छातीशी धरलं.

असे चार-पाच लाल बोळे त्याने बरणीत न टाकता खिशात टाकले, न बघताच टेबलावरचा एक बोळा उचलला आणि तोंडात घातला.

तो वापरलेला होता.

चव जिभेवर आली ती एकदम नाही. आधी कडू, मग तुरट, मग काहीतरी चरबट टाळ्याला चिकटलं आणि सुटेना. जळलेला कागद, मेणचट मळ, कळकलेलं पितळ, आणि या सगळ्याखाली अंगाला जवळून येणारा माणसांचा वास. परक्या माणसांच्या तोंडातून निघालेलं, भिंतीवर मुरलेलं, कुजून डांबर झालेलं काहीतरी त्याच्या दातांच्या फटींत शिरलं होतं. तोंडावर हात दाबून तो बेसिनकडे धावला, ओकारी आली, काही पडलं नाही, नुसती लाळेची तार तुटेना. चुळा भरल्या, पुन्हा भरल्या. बोटाने जीभ खरवडली. बेसिनात काय पडतंय ते त्याने पाहिलं नाही. चूळ टाकायच्या आधीच तो नळ पूर्ण सोडून ठेवत असे. सवयच लागली होती ती.

तरी चव जाईना. मग ती घालवण्यासाठी तो मागच्या जिन्यात गेला आणि त्याने सिगारेट पेटवली.

सुतारकाका तिथे होतेच. चौकटी बनवणारे; खांद्यावर भुसा, कानामागे पेन्सिल, आणि खोकला असा की जिना चढताना माणसाच्या आधी तो वर पोचे.

"काय घुम्या, आज तोंड का असं? शालवालीनं नकार दिला काय?"

"काका, वापरलेला बोळा तोंडात गेला."

काका आधी हसले, मग हसण्याचा खोकला झाला, आणि कठड्याला धरून ते वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. शेवटी त्यांनी कोपऱ्यात थुंकून पायाने भुसा सारला. घुम्याने मान फिरवली.

"ई! तसली घाण तोंडात?" डोळे पुसत काका म्हणाले. "मला तर ते चित्र उचलतानासुद्धा किळस आली. लेकाच्यांनी काय ओढलंय, काय ओढलंय!" आणि त्यांनी हातातल्या सिगारेटचा खोल झुरका घेतला.

घुम्यानेही घेतला. धूर गालात आला, त्या जागेवरून फिरला, आणि त्याच्या लक्षात आलं की चव बदललीच नव्हती. बोळ्यावरची चव आणि ही चव एकच होती. एक जुनी, एक ताजी, एवढाच फरक. त्याने सिगारेट तोंडापासून लांब धरली आणि पाहिली. फिल्टरच्या टोकावर चित्रावरचाच तो पिवळा रंग चढत होता. आणि ओठ लागले होते तिथे आणखी काहीतरी होतं. त्याने ती झटकन विझवली, पायाखाली चिरडली, दिसेनाशी होईपर्यंत चिरडली.

"अर्धी टाकलीस?" काका हळहळले. "श्रीमंत झालास की काय!"

"काका, शालीचा रंग सुटतोय."

काकांचं हसू उतरलं. "बाईंना सांगितलंस?"

"नाही."

"मग इथं काय करतोस, जा! नाही सांगितलंस तर तुझं कातडं सुटेल."

वर जाताना त्याला कळत होतं की आपण काय कबूल करायला चाललो आहोत. हे चित्र काढून घेतलं जाईल. कदाचित नोकरीही. "घाई नाही" म्हणालेल्या बाई पुन्हा तसं म्हणणार नाहीत. आणि तरीही, पायऱ्या चढताना, त्याच्या मनात एक विचित्र निवांतपणा होता. मोठं संकट ओळखीचं असलं की वाटतो तसा. चित्र बिघडवणं भयंकर होतं. पण त्याला नाव होतं, ते त्याच्या हातून झालं होतं, आणि ते त्याच्या अंगाबाहेर, कापडावर झालं होतं.

बाई ईझलसमोरच उभ्या होत्या.

"बाई, माझ्याकडून चूक झाली." शब्द एका दमात बाहेर पडले, एरवी आठवड्यात बोलला नसता इतके. "शालीचा वरचा थर सुटतोय. लाल येतंय. कॉलरवरही आलं. मी थांबायला हवं होतं, मी थांबलो नाही, बोळे लपवले." त्याने खिसा टेबलावर रिकामा केला.

बाईंनी चष्मा वर केला, एक बोळा चिमट्याने उचलला आणि भिंगाखाली बराच वेळ फिरवला. मग दुसरा. त्यांच्या कपाळावर राग यायला हवा होता तिथे काहीच आलं नाही.

"कॉलरवरचा कुठला?"

त्याने दाखवला.

"हं." त्यांनी तो बाजूला ठेवला. "शालीवर कुठं केलंस?"

"ह्या दुमडीवर."

बाईंनी स्वतः एक बोळा वळला, तोंडात घोळवला आणि वाकून शालीच्या त्याच दुमडीवर, त्याच्या जागेला लागूनच, हलक्या हाताने फिरवला. त्याच्यापुढे धरला. तपकिरी. नुसता तपकिरी. त्यांनी आणखी एक केला, या वेळी जरा जोर देऊन. तपकिरी. दुमडीच्या तेवढ्या जागेतून मखमल वर आली होती, दाट, ओली, शाबूत. एक कणही हलला नव्हता.

"रंग घट्ट आहे," बाई म्हणाल्या. "चांगल्या माणसानं काढलंय."

"माझ्या हाताला जोर जास्त असेल."

"तुझ्या हाताला जोर नाही, मला ठाऊक आहे."

"मग आज कापूस खराब असेल. काडीचा रंग..."

"माझा बोळा ह्याच गुंडाळीतला आहे. काडीपण ह्याच पुड्यातली."

"मग लाळ... कुणाची लाळ जास्त तिखट असते, बाई. एखाद्याची जास्त विरघळवत असेल."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. एरवी त्या माणसाकडेही भिंगातून बघत, पण आता त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता, आणि त्याशिवाय त्यांचे डोळे लहान आणि म्हातारे दिसत होते.

"तोंड उघडायला त्रास होतो का रे तुला?"

"दाढेचं टोक लागतं."

"किती दिवस?"

त्याने काड्यांचा पुडा टेबलावर सरळ केला. गप्प राहणं त्याला फार चांगलं जमत असे.

"बरं," बाई म्हणाल्या. आवाज शिकवतानाचा होता, एकेक गोष्ट आधी दाखवून मग करायला लावणारा. "एक बोळा वळ. नवा."

त्याने वळला. कापूस काडीवर नीट बसेना, म्हणून उलगडून पुन्हा वळला. बाईंनी घाई केली नाही.

"आता तोंडात घे. गालाच्या त्या बाजूनं."

त्याने घेतला. कापूस त्या खरबरीत जागेवरून सरकला, मधल्या कठीण भागापाशी अडखळला, पुढे गेला. दुखलं नाही. त्याने काडी बाहेर काढली आणि सवयीने हात चित्राकडे वळवला.

बाईंनी मनगट धरलं.

"तिला लावू नकोस. आधी बघ."

बोळा अजून कशालाच लागला नव्हता. ना शालीला, ना कॉलरला, ना कुणाच्या धुराला. तो वरून खालपर्यंत लाल होता. शालीचा रंग कधीच सुटला नव्हता. त्याच्या तोंडातून रक्त येत होतं, आणि थंडीच्या दिवसांपासून येत होतं.